फॉगरचा टायमर दर दसऱ्याला का चुकतो : ५५५ च्या लांब अंतराच्या सर्किटमधील दोष आणि त्याचे निवारण

नाशिकच्या दिंडोरी रस्त्यालगत माझ्या मेव्हण्यांची रोपवाटिका आहे. तिथल्या पॉलिहाऊसमधील फॉगर, म्हणजे पाण्याचे धुके फवारणारे नोझल, दर १५ मिनिटांनी साधारण १५ सेकंद चालावेत आणि हे दोन्ही काळ ऋतूप्रमाणे पेटीवरचे बटन फिरवून कमी-जास्त करता यावेत, एवढीच त्यांची गरज होती. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त प्रोग्रॅमेबल टायमरमध्ये सर्वांत लहान टप्पा एक मिनिटाचा असतो आणि एक मिनिट फॉगर चालला तर ट्रेमधील कोकोपीट चिंब होऊन कोवळ्या रोपांची मर सुरू होते. म्हणून मी सातपूरच्या माझ्या खोलीत दोन ५५५ आयसींचा, म्हणजे वेळ मोजणाऱ्या तयार चिपचा, टायमर बनवला. पहिली आयसी दर १५ मिनिटांनी एक ठोका देते, त्या ठोक्याने दुसरी आयसी १५ सेकंद चालू राहते, तिच्यावर रिले (विजेने ओढला जाणारा लहान स्विच), रिलेवर कॉन्टॅक्टर (मोठ्या भाराचा तसाच स्विच) आणि कॉन्टॅक्टरवर एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार, अशी ही साखळी होती. टेबलावर हा टायमर आठवडाभर बिनचूक चालला.

तक्रार पुढे सुरू झाली आणि ती दर वर्षी त्याच सुमारास येत राहिली. पावसाळ्यात हवेत मुळातच ओल असल्याने फॉगर लागत नाहीत, त्यामुळे पेटी जून ते सप्टेंबर बंद असते. दसऱ्याच्या आसपास ती पुन्हा जोडली की पहिल्या दिवशी १५ मिनिटांचे अंतर कधी २५ मिनिटांवर, तर कधी ४० मिनिटांवर जाते, आणि एका वर्षी तर फॉगर दुपारपर्यंत एकदाही चालू झाला नाही. मी जायचो, आयसी बदलायचो, पेटी तासभर चालवून पाहायचो आणि अंतर हळूहळू जागेवर आल्याचे पाहून परत यायचो. अशा तीन वर्षांत तीन आयसी बदलल्या. त्या तिन्ही जुन्या आयसी डबीत जपून ठेवल्या होत्या, आणि नंतर तपासल्या तेव्हा तिन्ही ठणठणीत निघाल्या.

दोष कुठे आहे हे समजण्यासाठी ५५५ वेळ कशी मोजते ते आधी पाहावे लागेल. १९७१ मध्ये हान्स कामेनझिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखलेल्या या आयसीच्या आत ५ किलोओहमचे तीन रेझिस्टर एकापुढे एक जोडलेले असतात आणि ते पुरवठ्याचे तीन समान भाग करतात. विद्युतभार साठवणारा बाहेरचा कपॅसिटर रेझिस्टरमधून भरत जातो. त्याचे व्होल्टेज पुरवठ्याच्या दोन तृतीयांशावर पोहोचले की आयसी त्याला रिकामा करू लागते आणि एक तृतीयांशावर आले की पुन्हा भरू देते. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर ही खेळी ४ आणि ८ व्होल्टच्या दरम्यान चालते. एक तृतीयांशापासून दोन तृतीयांशापर्यंत भरायला लागणारा काळ म्हणजे ०.६९३ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर. माझ्या सर्किटमध्ये १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि पॉट (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर) धरून एकूण १.३ मेगाओहमचा रोध होता, म्हणजे हिशेबाने ९०० सेकंद, बरोबर १५ मिनिटे.

कागदावरचा हा हिशेब कपॅसिटरमधून काहीच गळत नाही असे धरून केलेला असतो. भरण्याच्या अखेरच्या क्षणी, कपॅसिटरवर ८ व्होल्ट असताना, रोधावर उरलेले ४ व्होल्ट १.३ मेगाओहममधून जेमतेम ३.१ मायक्रोअँपिअर प्रवाह ढकलतात. आता कपॅसिटरकडे पाहा. साध्या इलेक्ट्रोलिटिकसाठी उत्पादक जी गळतीची मर्यादा देतात, ती सहसा ०.०१ गुणिले मायक्रोफॅरड गुणिले व्होल्ट अशी असते. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टच्या कपॅसिटरला ती २५० मायक्रोअँपिअर येते. म्हणजे भरायला ३ येत आहेत आणि २५० गळण्याची मुभा आहे. प्रत्यक्षात चांगला कपॅसिटर या मर्यादेच्या फार खाली राहतो, म्हणूनच माझा टायमर टेबलावर चालला. पण तो चालला हा योगायोग होता, रचनेचा गुण नव्हता.

गळती केवळ २ मायक्रोअँपिअर असली तरी काय होते तेही मोजून पाहिले. ८ व्होल्टवर २ मायक्रोअँपिअर म्हणजे कपॅसिटरला समांतर ४ मेगाओहमचा अदृश्य रेझिस्टर. तो जोडला की कपॅसिटर १२ नव्हे तर सुमारे ९ व्होल्टकडे धाव घेतो, ८ व्होल्टजवळ येता येता त्याची गती मंदावते, आणि १५ मिनिटांची साडेपंचवीस मिनिटे होतात. गळती ३.१ च्या पुढे गेली तर तो ८ व्होल्टवर कधीच पोहोचत नाही. फॉगर दुपारपर्यंत मुका राहिला त्याचे कारण हेच.

मग दसराच का? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील विद्युतरोधक थर हा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रसायनाने चढवलेला ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. कपॅसिटर महिनोन्‌महिने व्होल्टेजशिवाय पडून राहिला की हा थर जागोजागी दुबळा होतो आणि गळती वाढते. व्होल्टेज मिळाले की काही तासांत तो पुन्हा सांधला जातो आणि गळती उतरते. चार महिने बंद असलेली पेटी पहिल्या दिवशी चुकते आणि नंतर आपोआप सुधारते, ते यामुळे. मी आयसी बदलून तासभर थांबत होतो, त्या तासात कपॅसिटर स्वतःला सावरत होता आणि श्रेय नव्या आयसीला जात होते.

इथे एक भ्रम आधीच दूर करतो, कारण मीही त्यात एक हंगाम घालवला आहे. रोध कमी करून कपॅसिटर मोठा घेतला तर भरण्याचा प्रवाह वाढेल आणि गळती तुलनेने क्षुल्लक ठरेल, असे वाटते. म्हणून मी ४७०० मायक्रोफॅरड लावून रोध त्या प्रमाणात उतरवला. फरक शून्य. गळतीची मर्यादासुद्धा मायक्रोफॅरडच्या प्रमाणातच वाढते, त्यामुळे ठरावीक काळासाठी भरणारा प्रवाह आणि गळणारा प्रवाह यांचे गुणोत्तर, त्याच व्होल्टेजचा आणि त्याच जातीचा कपॅसिटर असेल तर, जिथल्या तिथे राहते. ते बिघडवणारी गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे काळाची लांबी. १५ सेकंदांसाठी हेच गुणोत्तर मर्यादेच्या टोकालाही साधारण बरोबरीचे राहते, म्हणून दुसऱ्या ५५५ ने आजवर कधी त्रास दिलेला नाही. दोष १५ मिनिटांच्या टप्प्यात आहे.

तपासणी करताना मल्टिमीटर थेट कपॅसिटरवर लावू नये. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध सहसा १० मेगाओहम असतो आणि ८ व्होल्टवर तो स्वतःच ०.८ मायक्रोअँपिअर खातो, म्हणजे आपण पाहत आहोत तोवर टायमर आणखी मागे पडतो. गळती मोजायची सोपी रीत अशी आहे : कपॅसिटर सर्किटमधून काढावा, १०० किलोओहमचा रेझिस्टर त्याच्याशी एकापुढे एक जोडून १२ व्होल्ट द्यावेत, १००० मायक्रोफॅरड असेल तर किमान १० मिनिटे थांबावे आणि मग रेझिस्टरच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजावे. तिथे दिसणारे प्रत्येक ०.१ व्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर गळती. माझ्या पेटीतला कपॅसिटर पावसाळ्यानंतर काढून असा तपासला तेव्हा १० मिनिटांनी ०.४ व्होल्टच्या जवळपास आकडा दिसला आणि तीन आयसींचा खटला तिथेच निकाली निघाला.

एक लक्षण मात्र दोष नसून स्वभाव आहे. वीज आल्यानंतरचे पहिले अंतर नेहमी लांब असते, कारण त्या वेळी कपॅसिटर ४ व्होल्टपासून नव्हे तर शून्यापासून भरतो आणि ०.६९३ च्या जागी १.१ हा गुणक लागतो. १५ मिनिटांचे पहिले चक्र त्यामुळे जवळजवळ २४ मिनिटांचे होते. ज्या भागात दिवसातून चारदा वीज जाते तिथे मालकाला टायमर कायम मागे आहे असे वाटते आणि त्याची तक्रार खोटी नसते.

उपाय म्हणून मी लांब अंतर कपॅसिटरकडून मोजून घेणेच सोडून दिले. पहिल्या ५५५ च्या जागी सीडी ४०६० लावली. या आयसीत स्वतःचा ऑसिलेटर (ठराविक गतीने ठोके देणारा भाग) आणि १४ टप्प्यांचा गणक एकत्र असतो. ऑसिलेटर दर सेकंदाला काही ठोके देतो आणि शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे पिन ३ वर, दर १६,३८४ ठोक्यांनी एक आवर्तन पूर्ण होते. ठोका जलद असल्याने कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा पुरतो, तो पॉलिएस्टर फिल्मचा घेता येतो, आणि फिल्मच्या कपॅसिटरची गळती या हिशेबात धरण्याइतकीही नसते. पिन १० वरून वेळ ठरवणारा रेझिस्टर, पिन ९ वरून कपॅसिटर आणि पिन ११ वरून २.२ मेगाओहमचा रेझिस्टर, हे तिन्ही एका बिंदूत मिळवायचे. एका ठोक्याचा काळ सुमारे २.३ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर इतका येतो, आणि पिन ११ कडचा रेझिस्टर वेळ ठरवणाऱ्या रेझिस्टरच्या दुप्पट ते दहापट असावा, असा संकेत आहे. वेळेसाठी मी ४७ किलोओहमचा स्थिर रेझिस्टर आणि त्याच्यापुढे ४७० किलोओहमचा पॉट लावला. पॉट एका टोकाला असताना अंतर सुमारे ३ मिनिटे, दुसऱ्या टोकाला सुमारे साडेबत्तीस मिनिटे. १५ मिनिटांसाठी एकूण रोध २३९ किलोओहमच्या आसपास लागतो, म्हणजे पॉट जवळपास मध्यावर येतो आणि दोन्ही बाजूंना फिरवायला जागा राहते.

पिन १२ हा रीसेट आहे. तिथून १०० किलोओहम ऋणाकडे आणि ०.१ मायक्रोफॅरड धनाकडे जोडला की वीज आल्यावर मोजणी शून्यापासून सुरू होते. पिन ३ चे व्होल्टेज खाली पडते त्या क्षणी १५ सेकंदांच्या ५५५ ला चालना द्यायची असल्याने पिन ३ आणि ५५५ ची पिन २ यांच्यामध्ये ०.०१ मायक्रोफॅरड, पिन २ वरून धनाकडे १० किलोओहम, आणि त्याच १० किलोओहमला समांतर १एन ४१४८ डायोड, ज्याची पट्टी धनाकडे असेल. हा डायोड अनेक जण विसरतात. पिन ३ चे व्होल्टेज वर उसळते तेव्हा पिन २ पुरवठ्याच्याही वर ढकलली जाते, ती उसळी हाच डायोड झेलतो. या रचनेत वीज परत येताच फॉगर एकदा चालतो. रोपवाटिकेत ते हिताचे असल्याने मी तसेच ठेवले. नको असेल तर ५५५ च्या पिन ४ वरून धनाकडे १०० किलोओहम आणि ऋणाकडे १० मायक्रोफॅरड लावून सुरुवातीचा क्षण टाळता येतो.

या रचनेची मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे वेळ लावण्यासाठी १५ मिनिटे ताटकळावे लागत नाही. सीडी ४०६० च्या पिन ७ वर चौथ्या टप्प्याचे आवर्तन मिळते आणि पूर्ण अंतरात त्याची १,०२४ आवर्तने होतात. तिथे १० किलोओहममधून एक एलईडी लावली आणि तिची १०० उघडझाप ८८ सेकंदांत होईल असा पॉट फिरवला की १५ मिनिटे लागली. मेव्हण्यांना सूत्र सांगण्याची गरजच पडली नाही. शंभर मोजा आणि मोबाईलमध्ये सेकंद पाहा, एवढे पुरले.

पॉटविषयी दोन सूचना आहेत. लिनियर घ्यावा, ज्यावर बहुतेक वेळा बी हे अक्षर असते. आवाजासाठी वापरला जाणारा लॉगचा पॉट लावल्यास सगळी मिनिटे एका कोपऱ्यात गोळा होतात. आणि मधला पाय मोकळ्या राहिलेल्या टोकाशी जोडावा. बोर्डो मिश्रणाच्या फवाऱ्याने आणि धुळीने कार्बनच्या पट्टीवर थर बसतो, मधला स्पर्श क्षणभर सुटतो, आणि हा जोड नसेल तर त्या क्षणी रोध अनंत होऊन मोजणी थांबते. जोड असेल तर फार तर पॉटचा पूर्ण रोध लागू होतो आणि अंतर लांबते, पण फॉगर मुका पडत नाही.

अंतर सुधारल्यावर एक दुसरा दोष उघडा पडला, जो आधीच्या गोंधळात लपून राहिला होता. फॉगर १५ सेकंदांऐवजी कधी ४-५ सेकंदांत बंद व्हायचा, तर कधी बंद होताच लगेच पुन्हा चालू व्हायचा. ही चूक मोटार जोडलेली असतानाच होत होती आणि मोटारीची वायर काढली की टायमर शहाण्यासारखा वागत होता. कॉन्टॅक्टरची २३० व्होल्टची कॉइल सुटताना जी ठिणगी उडते, ती हवेतून आणि वायरीतून सर्किटपर्यंत पोहोचते, हे याचे कारण. त्यावर मी कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओहम, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसीचा एक्स-२ जातीचा कपॅसिटर एकापुढे एक जोडून बसवले. हीच जोडी रिलेच्या स्पर्शबिंदूंवर बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तिथे ती बसवली तर रिले उघडा असतानाही सुमारे ७ मिलिअँपिअर प्रवाह कॉइलमधून वाहत राहतो आणि लहान कॉन्टॅक्टर गुणगुणत अर्धवट ओढलेला राहू शकतो. माझे मत कॉइलच्याच बाजूचे आहे. टायमरच्या बाजूने १२ व्होल्टच्या शुगर क्यूब रिलेच्या कॉइलवर उलटा १एन ४००७ डायोड, ५५५ च्या पिन ५ वर ०.०१ मायक्रोफॅरड आणि दोन्ही आयसींच्या अगदी पायांशी ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर, हे आधीपासून असायला हवे होते. पिन ५ चा कपॅसिटर मी पहिल्या बोर्डवर आळसाने गाळला होता.

तरीही संध्याकाळी सहानंतर अधूनमधून रिले तडतडायचा. त्या वेळी पेटीला येणारा पुरवठा मोजला तर १७० व्होल्ट होता. माझा ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टचा होता. १७० वर तो ९ व्होल्टच्याही खाली येतो, ब्रिज आणि फिल्टरनंतर ११ व्होल्टच्या आसपास उरतात आणि ७८१२ रेग्युलेटरला आपले १२ सांभाळण्यासाठी सुमारे १४ व्होल्ट तरी हवे असतात. एरवी ५५५ ची वेळ पुरवठ्यावर फारशी अवलंबून नसते, कारण पुरवठा उतरला तर दोन तृतीयांशाची पातळीही सोबत उतरते. पण हा दिलासा पुरवठा स्थिर असेल तोवरच टिकतो. रिले ओढला गेला, पुरवठा खचला, पातळी खाली आली, भरत असलेला कपॅसिटर अचानक त्या पातळीच्या वर ठरला आणि रिले सुटला, अशी साखळी सुरू होते आणि तिचाच तो तडतडाट. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि ३५ व्होल्ट क्षमतेचा १००० मायक्रोफॅरडचा फिल्टर कपॅसिटर बसवल्यावर १७० व्होल्टलाही रेग्युलेटरला काठावर का होईना पण पुरेसे मिळू लागले. इलेक्ट्रोलिटिक इथे अगदी योग्य आहे, त्याची गळती इथे कोणाला विचारायची नाही.

पेटी उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून प्लगसुद्धा काढून ठेवावा. पॉलिहाऊसमध्ये पाय ओले असतात.

बोर्डची स्वच्छता ही शेवटची, पण ओल्या जागेत टाळता न येणारी गोष्ट आहे. डाग दिल्यानंतर राहिलेला फ्लक्स (डाग देताना वापरायचे राळेसारखे रसायन), त्यावर बसलेली मोरचुदाची धूळ आणि पहाटेचे दव यांचा थर दोन रेषांमध्ये काही मेगाओहमचा रस्ता तयार करतो, आणि सीडी ४०६० ची पिन ११ तर २.२ मेगाओहमच्या टोकाला लटकलेली असते. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून, पॉट आणि कनेक्टर झाकून त्यावर वॉर्निशचे दोन हात दिले. पेटी पॉलिहाऊसच्या आतून काढून बाहेरच्या भिंतीवर, छपराखाली, वायरींची भोके खालच्या बाजूला येतील अशी लावली. निफाड-दिंडोरी पट्ट्यात थंडीत पहाटे पारा एक आकडी होतो आणि दुपारी पॉलिहाऊसच्या आत घाम फुटतो. या रोजच्या चढउतारात बंद पेटीच्या आतल्या भिंतींवर पाण्याचे थेंब जमतात, म्हणून खालच्या बाजूला एक लहान भोक मुद्दाम मोकळे सोडले आणि मुंग्या शिरू नयेत यासाठी त्यावर जाळी लावली.

या दसऱ्याला पेटी चार महिन्यांनी जोडली तेव्हा मेव्हण्यांनी एलईडीची १०० उघडझाप मोजली आणि ८९ सेकंद भरल्याचे फोनवर कळवले. पॉट हलवू नका, असे मी सांगितले.